वाचकांचे प्रश्न : युरोपच्या संशोधन निधीत नव्या देशांचा वाटा

गेल्या अंकात ब्रनोतल्या माझ्या कामाविषयी लिहिताना ‘वायडनिंग’ हा विषय मी दोन ओळींत उरकला होता. त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. युरोपीय संघ आपल्या सामायिक तिजोरीतून संशोधनाला पैसे देतो. सध्याच्या कार्यक्रमाचं नाव ‘होरायझन युरोप’, काळ २०२१ ते २०२७, रक्कम सुमारे ९५.५ अब्ज युरो. २००४ पासून संघात आलेल्या १३ देशांच्या हाती यातलं फार थोडं लागतं. म्हणून त्यांच्यासाठी, तसंच पोर्तुगाल आणि ग्रीस यांच्यासाठी, काही खास योजना आखल्या आहेत. त्या सगळ्यांना मिळून वायडनिंग म्हणतात. मी मूळची वाईची, सिरॅमिक पदार्थांवर काम करते, आणि चौदा वर्षं चेक प्रजासत्ताकात ब्रनो इथे आहे.

प्रश्न : युरोपात संशोधनाचा पैसा निव्वळ गुणवत्तेवर मिळतो, असं आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो. मग पूर्वेच्या देशांना वेगळा वाटा कशासाठी? प्रपोजल चांगलं असेल तर ते कुठूनही निवडलं जाईलच ना? ही गुणवत्तेशी तडजोड नाही का?
— रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, सोलापूर

सर, नमस्कार. हाच प्रश्न मला ब्रसेल्समध्ये, व्हिएन्नात आणि खुद्द ब्रनोतही लोकांनी विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधीचा कार्यक्रम ‘होरायझन २०२०’. २०१४ ते २०२० या काळातला, जवळपास ८० अब्ज युरोंचा. त्यातले सुमारे ५ टक्के या १३ देशांना मिळाले. संघाच्या आजच्या लोकसंख्येपैकी पाचव्या हिश्शाहून जास्त माणसं या देशांत राहतात. प्रपोजल चांगलं असेल तर निवडलं जाईल, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. परीक्षक देश बघून गुण देत नाहीत. अडचण आहे ती प्रपोजल परीक्षकांच्या हातात पडण्याआधीची.

मोठे प्रकल्प एकट्या संस्थेला मिळत नाहीत. नियमानं तीन देशांतल्या किमान तीन संस्था लागतात, प्रत्यक्षात दहा-पंधरा असतात. ही मोट बांधतो तो ज्याच्या ओळखी आहेत तो. विषयाची घोषणा पोर्टलवर येते तेव्हा बहुतेक ठिकाणी मोट बांधून झालेली असते, कारण ही माणसं मागच्या प्रकल्पातही एकत्र होती आणि त्याच्याही मागच्या. युरोपचा असा पहिला कार्यक्रम १९८४ सालचा. आमचे देश संघात आले २००४ साली. वीस वर्षांच्या ओळखींशी गाठ होती.

२०१३ च्या शरद ऋतूत मी पहिल्यांदा ब्रसेल्सला, भागीदार शोधण्यासाठी भरवतात तशा एका मेळाव्याला गेले. गळ्यात नावाचं कार्ड होतं. समोरचा माणूस आधी कार्डावरचं संस्थेचं नाव वाचायचा, मग चेहऱ्याकडे बघायचा, आणि अनेकदा चेहऱ्यापर्यंत पोचायचाच नाही. दुपारच्या कॉफीच्या वेळी एक प्राध्यापक स्वतःहून येऊन बोलले. त्यांच्या हातात एक छापील तक्ता होता. अकरा भागीदारांची नावं, प्रत्येकापुढे काम, कामापुढे रक्कम. बाराव्या ओळीत नावाच्या जागी ‘पूर्वेकडचा भागीदार’ एवढंच लिहिलेलं होतं, आणि काम व रक्कम दोन्ही आधीच भरलेले. काम : वेबसाइट आणि वार्तापत्र. रक्कम : ३८ हजार युरो. आमच्या विभागप्रमुखांनी होकार दिला. पहिल्याच संधीला नाही कसं म्हणायचं?

तो प्रकल्प मंजूर झाला आणि तीन वर्षं मी वार्तापत्रं काढली. आमच्याकडे त्याच वर्षी नवाकोरा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बसवलेला होता. प्रकल्पातले निम्मे नमुने त्याच्यावर तपासता आले असते. मी दोनदा तसं सुचवलं. ‘ते काम वाटून झालंय’ असं उत्तर आलं. ब्रनो हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बनवणारं शहर आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत आमच्या शहरातून गेलेली यंत्रं चालतात. आणि त्या शहरातल्या बाईला काम काय, तर फोटोखाली ओळी लिहिण्याचं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, हे लपवत नाही.

मेंडेल चौकात मी रोज ट्राम बदलते. तिथल्याच मठाच्या आवारात ग्रेगोर मेंडेलनं वाटाण्यावर प्रयोग केले. १८६५ साली त्यानं ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे आपला निबंध वाचला, पुढच्या वर्षी तो छापून आला, आणि १९०० सालापर्यंत त्याची जवळजवळ कुणी दखल घेतली नाही. कारणं अनेक होती. पण चांगलं काम आपोआप दिसतंच, असं म्हणायला मला तरी त्या चौकात उभं राहून जमत नाही.

दुसरी गोष्ट पगाराची. प्रकल्पात मनुष्यबळाचा खर्च ज्याच्या-त्याच्या प्रत्यक्ष पगारावरून धरतात. ऐकायला रास्त वाटतं. पण त्या वार्तापत्राच्या प्रकल्पात उत्तरेकडच्या एका संस्थेतली पोस्टडॉक (पीएचडीनंतरची कंत्राटी संशोधक) आणि मी, दोघी साधारण एकाच वयाच्या, एकाच शाखेतल्या, हिशेबाच्या तक्त्यात एकीखाली एक होतो. तिच्या महिन्याचा दर माझ्या जवळजवळ तिप्पट. आता प्रकल्पावर काम करणाऱ्याला थोडं जास्त देता येतं, तरी पाया तोच राहिलाय. मग आमच्याकडचा हुशार मुलगा पीएचडी होताच म्युनिकची गाडी धरतो, त्याचं प्रपोजल तिकडून जातं आणि तिकडच्या खात्यावर जमा होतं.

तिसरी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही, ती ऑफिसची. पश्चिमेकडच्या मोठ्या विद्यापीठात प्रपोजल लिहायला मदत करणारा अख्खा विभाग असतो : बजेट बघणारा वेगळा, कायदेशीर बाजू बघणारा वेगळा, भाषा तपासणारा वेगळा. आमच्याकडे त्या काळी एकच बाई होत्या आणि त्यांच्याकडे विद्यार्थी-देवाणघेवाणीचंही काम होतं. ब्रसेल्सच्या घड्याळात संध्याकाळचे पाच वाजले की पोर्टल बंद होतं. एका वर्षी पावणेपाचला आमच्या लक्षात आलं, की बजेटच्या एका रकान्यात रक्कम क्राउनमध्ये पडलीय, युरोमध्ये नाही. त्या बाईंचे हात कापत होते. विज्ञानात आम्ही कुठेच कमी नव्हतो, आणि तरी ते प्रपोजल हातचं जाणार होतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तडजोड होते का? वायडनिंगमधल्याच ट्विनिंग नावाच्या योजनेत दोनदा उतरल्यानंतर मी ठामपणे नाही म्हणते. नेतृत्व वायडनिंग देशातल्या संस्थेकडे असलं पाहिजे आणि सोबत इतर देशांतल्या किमान दोन नावाजलेल्या संस्था हव्यात, ही तिथली अट. गुण देण्याची पद्धत इतर ठिकाणी असते तीच. तीन निकष, प्रत्येकी पाच गुण, बाहेरचे स्वतंत्र परीक्षक. आमचं पहिलं प्रपोजल १५ पैकी १२ गुणांवर राहिलं. परीक्षकांनी लिहिलं, की तुम्ही भागीदारांकडून काय शिकणार ते मांडलंय, प्रकल्प संपल्यावर संस्थेत काय उरणार ते मांडलेलं नाही. हे बरोबर होतं. दुसऱ्या खेपेला आम्ही ते लिहिलं आणि निवडले गेलो.

ट्विनिंगमध्ये इमारती बांधायला पैसे मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे. इमारती आमच्याकडे होत्या. संघाच्या विकास निधीतून ब्रनोत, प्रागजवळ, हंगेरीत सेगेदला, रुमानियात मगुरेलेला उत्तम यंत्रं आलेली आहेत. शेवटच्या तिन्ही ठिकाणी जगातले अतिशक्तिशाली लेझर आहेत. उणीव होती ती माणसांच्या जाण्यायेण्याची. आमच्या दोन पीएचडीच्या मुली तीन-तीन महिने बेल्जियमला राहिल्या. भागीदार प्राध्यापक आठवडाभर आमच्याकडे येऊन बसले, तेव्हा आमचा मायक्रोस्कोप त्यांनी प्रथमच पाहिला. आणि आमच्या ऑफिसच्या त्या बाई दोन आठवडे जर्मनीतल्या भागीदार विद्यापीठाच्या प्रपोजल-विभागात जाऊन आल्या. सगळ्या प्रकल्पातली सर्वांत मोलाची भेट ती, असं माझं मत आहे. परत येताना त्यांनी एक यादी आणली : डेडलाइनच्या आठ आठवडे आधी काय, सहा आठवडे आधी काय, शेवटच्या तीन दिवसांत कशाला हात लावायचा नाही. त्यानंतर आमच्या चार प्रपोजलांपैकी दोन मंजूर झाली, दोन्ही खुल्या स्पर्धेतली.

सगळ्याच योजना इतक्या फळल्या नाहीत. ‘ईआरए चेअर’ (ईआरए म्हणजे युरोपीय संशोधन क्षेत्र) या योजनेत बाहेरून एक नामवंत शास्त्रज्ञ आणून त्याच्याभोवती गट उभा करायचा असतो. संस्था स्वतः बदलायला तयार असेल तर हे जमतं. माझ्या पाहण्यात एक असं उदाहरण आहे, की पाच वर्षांनी पैसे संपले, माणूस गेला, आणि त्याच्या खोलीत जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या. संघाचा खर्च तपासणाऱ्या युरोपच्या लेखापरीक्षण न्यायालयानं २०२२ च्या अहवालात नेमकं हेच म्हटलं. उपाय चांगले आखलेले आहेत, पण टिकाऊ बदल व्हायचा तर मुख्यतः त्या-त्या देशाच्या सरकारनं हातपाय हलवले पाहिजेत. रुमानिया संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम अर्धा टक्का खर्च करतो. संघाची सरासरी सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आहे. घरच्या विहिरीत पाणी नसेल तर शेजारच्या पाटावर किती दिवस काढणार? याउलट एस्टोनिया, स्लोव्हेनिया, सायप्रस हे छोटे देश दरडोई हिशेबात चांगले पुढे आलेत.

हंगेरीची गोष्ट वेगळी आणि दुःखाची. तिथली बहुतेक विद्यापीठं सरकारनं विश्वस्त मंडळांच्या ताब्यात दिली. त्या मंडळांच्या स्वायत्ततेवरून आणि हितसंबंधांवरून वाद झाला आणि डिसेंबर २०२२ पासून संघानं त्यांच्याशी नवे करार थांबवले. त्या वादात संशोधकांचा दोष काय होता? सेगेदमधल्या एका मैत्रिणीला प्रकल्पात घ्यायची माझी फार इच्छा होती. नाही घेता आलं.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठातून थिन फिल्म्समध्ये (पदार्थांचे अतिशय पातळ थर) पीएचडी करत आहे. एस्टोनियातल्या तार्तू इथल्या एका प्राध्यापकांनी मेरी क्युरी फेलोशिपसाठी एकत्र अर्ज करू असं कळवलं आहे. त्यात ‘ईआरए फेलोशिप’चाही उल्लेख आहे. मैत्रिणी म्हणतात, ते दुय्यम असतं, जर्मनीच बघ. काय करू?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

तुला ‘तू’ म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस.

ईआरए फेलोशिपसाठी वेगळं प्रपोजल लिहावं लागत नाही. मेरी क्युरी ही पीएचडीनंतर दुसऱ्या देशात संशोधन करायला युरोपीय संघ देतो ती फेलोशिप. अर्ज तिचाच. यजमान संस्था वायडनिंग देशातली असेल आणि तुझं प्रपोजल ७० टक्क्यांचा उंबरठा ओलांडूनही मुख्य यादीत बसलं नाही, तर ते गुणानुक्रमे या दुसऱ्या यादीत धरलं जातं. परीक्षक तेच, गुण तेच. म्हणजे एका लिखाणावर दोन संधी, आणि ही दुसरी संधी जर्मनीतून अर्ज केलास तर मिळत नाही. अर्ज भरताना त्याविषयीचा रकाना मात्र नीट वाच. राष्ट्रीयत्वाची अट नाही. ज्या देशात जायचं तिथे गेल्या तीन वर्षांत एक वर्षाहून जास्त राहिलेली नसावीस, ही अट आहे. ती तुला आड येणार नाही.

दुय्यम म्हणणाऱ्या मैत्रिणींना सांग, की मुख्य फेलोशिपला ज्या बाईंचं नाव आहे त्या वॉर्सात जन्मल्या. तिथल्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून १८९१ साली त्या पॅरिसला गेल्या. फेलोशिपच्या पूर्ण नावात ‘स्क्लोदोव्स्का’ हे त्यांचं माहेरचं आडनाव आहे. आपल्याकडे ते बोलताना गळतं. तू बोलताना घेत जा.

जर्मनी की एस्टोनिया हा प्रश्नच बाजूला ठेव. तार्तूच्या त्या प्राध्यापकांना तीन गोष्टी विचार. गटात सध्या किती जण आहेत, तुझ्या फिल्म्स मोजायला लागणारी यंत्रं त्यांच्याच इमारतीत आहेत का, आणि विद्यापीठात प्रपोजल बघून देणारं ऑफिस आहे का. उत्तरं लवकर आणि सविस्तर आली तर पुढे जा. आणि थंडीची भीती घालणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. खोल्या उबदार असतात. मला पहिल्या हिवाळ्यात त्रास झाला तो अंधाराचा. दुपारी चारला दिवस मावळतो आणि एस्टोनियात त्याहूनही आधी. पहिल्या डिसेंबरात रोज दुपारी बारा वाजता अर्धा तास बाहेर चालायचं, एवढं वचन मला दे.

प्रश्न : मी आइंडहोव्हनला चिप उद्योगात आहे, मूळचा ठाण्याचा. इथे कर भरतो. वायडनिंग म्हणजे आमच्या करातून पूर्वेला अनुदान, असं इथले सहकारी बोलतात. त्यांना काय सांगावं?
— एक अभियंता, नेदरलँड्स

आधी प्रमाण सांगा. वायडनिंगसाठी राखलेला भाग होरायझन युरोपच्या किमान ३.३ टक्के, म्हणजे सुमारे तीन अब्ज युरो. मागच्या कार्यक्रमात तो एक टक्क्याच्या आसपास होता. बाकी सगळं सर्वांना खुलं आहे आणि त्यात नेदरलँड्स फार पुढे आहे.

संघाच्या तिजोरीत पूर्वेचे देशही भर घालतात. एकूण हिशेबात, रस्ते आणि विकास निधी धरून, त्यांना दिल्यापेक्षा जास्त मिळतं, हेही खरं. ते लपवू नका. पण संशोधनापुरता प्रवाह उलटा वाहतो. पैसा पश्चिमेकडे जातो आणि माणसंही. तुमच्या शेजारच्या टेबलावर रुमानियाचा किंवा बल्गेरियाचा कुणी अभियंता असेलच. त्याच्या पहिलीपासून पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च क्लुजनं किंवा सोफियानं केलाय. ठाण्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

तुमच्या कंपनीला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगते. ‘हॉप-ऑन’ नावाची सोय आहे. एखादा प्रकल्प चालू आहे, त्यात वायडनिंग देशातला कुणीच नाही, अशा वेळी सगळ्या भागीदारांच्या संमतीनं तिकडची एक संस्था मधेच सामील करून घेता येते आणि तिच्यासाठी काही लाख युरो वेगळे मिळतात. आधीच्या भागीदारांचा पैसा कमी होत नाही. नव्या भागीदारामुळे संशोधनात नेमकी काय भर पडते आणि त्याचं स्वतःचं काम कोणतं, हे अर्जात दाखवावं लागतं. ही अट वाचली तेव्हा मला माझी वार्तापत्रं आठवली. तुम्ही अशी संस्था शोधणार असाल, तर तक्ता आधी भरून नेऊ नका. आधी त्यांच्या प्रयोगशाळेत एक दिवस जाऊन या.

२०२८ ते २०३४ च्या कार्यक्रमासाठी युरोपीय आयोगानं जुलै २०२५ मध्ये १७५ अब्ज युरोंचा प्रस्ताव मांडला. त्यात वायडनिंग देशांचे दोन गट सुचवलेत, मागे राहिलेले आणि पुढे सरकलेले. कल्पना मला पटते. ब्रनो आणि बल्गेरियातलं एखादं लहान विद्यापीठ एका रांगेत उभं राहणं बरं नाही. पण पुढे सरकलेल्यांची मदत एका झटक्यात तोडू नये. ओळखी व्हायला आम्हाला दहा वर्षं लागली.

प्रश्न : आमचं कॉलेज ग्रामीण भागात आहे. नवीन राष्ट्रीय योजनेत मोठ्या संस्थेबरोबर जोडलं जाण्याची चर्चा चालू आहे. युरोपच्या अनुभवातून आम्ही काय घ्यावं?
— भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका, नांदेड जिल्हा

ताई, संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची ‘पेअर’ योजना तुमच्या मनात असावी. मधे एक अग्रगण्य संस्था आणि तिच्याभोवती इतर विद्यापीठं, अशी तिची रचना आहे. हेतू चांगला आहे. ट्विनिंगमध्ये मात्र नेतृत्व ज्याला पुढे यायचंय त्याच्याकडे असतं आणि मोठी संस्था मदतीला येते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. तुमच्याकडे नेतृत्व नसलं, तरी निदान एक काम असं मागून घ्या, की जे तुमच्याकडेच होईल आणि ज्याचे नमुने मोठ्या संस्थेला तुमच्याकडे पाठवावे लागतील.

आणि बजेटमध्ये पहिल्याच वर्षी तुमच्या ऑफिसमधल्या एका माणसाच्या दोन आठवड्यांच्या प्रवासाची आणि राहण्याची रक्कम धरा. प्राध्यापकाच्या नव्हे, ऑफिसमधल्या माणसाच्या. कुणी कात्री लावायला लागलं तर परिषदेचा एखादा प्रवास कमी करा, हा ठेवा. आमच्या बाईंनी जर्मनीहून आणलेली ती यादी अजून ऑफिसच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे, कडा पिवळ्या पडल्यात. ती मी मराठीत करून ठेवलीय. संपादकांकडे तुमचा पत्ता द्या, पाठवते.